गार्डमधला प्लग

ट्यूबलाइट एकाएकी पांढरीफटक झाली. पंखा इतका जोरात फिरायला लागला की टेबलावरचे कापायला ठेवलेले कागद उडून भिंतीवर आपटले. शेजारच्या घरात फट् असा आवाज झाला आणि जळक्या टीव्हीचा वास जिन्यात पसरला.

"न्यूट्रलची तार तुटलीय, व्होल्टेज चढलंय!" खालून वायरमन ओरडला. "मीटरच्या खोलीची किल्ली सापडेपर्यंत घरातले सगळे प्लग काढा. मास्तर, ऐकताय ना? सगळे!"

टेलरमास्तरांनी ऐकलं होतं. बाहेर वारा सुटला होता आणि खांबावरच्या तारा एकमेकींवर आपटत होत्या. सुनेने फ्रिजचा प्लग काढला, मिक्सरचा काढला, इस्त्रीचा उपटला. मास्तरांचं शिवणाचं मशीन पायाचं, त्याला कसली भीती नव्हती. उरली एक म्युझिक सिस्टिम, आणि तिच्यापुढे मास्तर पाठमोरे बसले होते. त्यांचा हात प्लगवर होता, पण तो ओढत नव्हता.

त्या सिस्टिममध्ये त्यांच्या बायकोने सकाळची वेळ लावून ठेवली होती. उजाडलं की सिस्टिम आपोआप सुरू व्हायची, तिच्या आवडीचं स्टेशन, तेही अगदी हळू आवाजात. बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही सिस्टिम तशीच सुरू झाली. मास्तर तेव्हा अंथरुणात पडून होते. आता उठायचं कशाला, असा विचार करत होते. गाणं लागलं आणि ते सवयीने उठले. त्याला वर्ष होत आलं. अजूनही ते त्या गाण्यावरच उठत होते.

सातवी शिकलेली आपली बायको असलं यंत्र लावते, याचं त्यांना भारी कौतुक. गिऱ्हाइकांचं माप घेता घेता सांगायचे, घरात एवढे शिकलेले आहेत, पण बटणं कळतात ती फक्त हिलाच. एकदा ती असतानाच त्यांनी झाडायला म्हणून प्लग काढला होता. पुन्हा लावला तर सगळं पुसलं गेलं होतं, घड्याळाचे आकडे नुसते उघडझाप करत होते. तिने संध्याकाळपर्यंत पुन्हा लावून दिलं आणि यापुढे हात लावू नका म्हणून बजावलं.

आता पुसलं गेलं तर लावायला ती नव्हती. दुसऱ्या कुणी लावलं तर ते तिचं राहणार नव्हतं. ती गेल्यावर मास्तर व्होल्टेजला वाघाला भ्यावं तसे भ्यायला लागले. दिवा जरा मिचमिचला तरी ते शिवण थांबवून त्याच्याकडे बघत बसायचे. स्टॅबिलायझर किंवा बॅटरीचा डबा घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. शेवटी जुन्या बाजारातून त्यांनी एक स्पाइक गार्ड आणला, व्होल्टेज उसळलं तर वस्तू वाचवणारा प्लगचा डबा. ह्याच्यात लावलेल्याला काही होत नाही, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खरंही ठरलं. वर्षभरात लाइट कितीदा तरी गेली. गेली की मास्तर वाऱ्याला खाली पायरीवर जाऊन बसायचे. आली की गुडघे सांभाळत वर यायचे. सिस्टिमचं घड्याळ बरोबर असायचं. सून तेवढी नेमकी तिथे फडकं घेऊन उभी असायची. मास्तर तिला हाकलायचे. "लाइट आली की बरी तुला धूळ दिसते गं."

आता गार्ड गरम लागत होता. त्यातला हिरवा दिवा विझला होता. वायरमनने मागे सांगितलं होतं, हा दिवा आहे तोवर गार्ड आहे, दिवा गेला की तो नुसता प्लास्टिकचा डबा. दिवा कधी गेला ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. सिस्टिम गुणगुणायला लागली. तिचे आकडे कधी नव्हे इतके लखलखले.

"बाबा, काढा," सून म्हणाली.

"काढला की पुसलं जाईल."

"जळून जाईल बाबा!"

मास्तरांची बोटं लाकडासारखी झाली होती. जळालं तरी गेलं, पुसलं तरी गेलं. सुनेने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि त्यांच्यासकट प्लग ओढला. आकडे विझले.

"झालं तुझ्या मनासारखं?" मास्तर म्हणाले.

तासाभरात तार जोडली गेली. शेजाऱ्यांचा टीव्ही गेला होता, खालच्यांची मोटर गेली होती. मुलगा कामावरून आला, त्याने दोनदा जेवायला बोलावलं. मास्तर जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना अंधाराची भीती वाटत नव्हती. उजाडण्याची वाटत होती.

खिडकी करडी झाली. दूधवाल्याची सायकल वाजली. मास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि गाणं लागलं. तेच स्टेशन. अगदी हळू.

मास्तरांनी डोळे उघडले. मग भिंतीला धरून बाहेरच्या खोलीत आले. सून सिस्टिमपुढे उकिडवी बसून आवाजाचं बटण केसभर मागे फिरवत होती. त्यांना पाहताच ती दचकली. तिने पटकन शेजारचं फडकं उचललं आणि पुसायला लागली. वर्षभर तिच्या हातात असायचं तेच फडकं.

मास्तर त्या फडक्याकडे बघत राहिले.

"तुला कसं येतं हे?" त्यांनी विचारलं. "हे तर फक्त तिलाच यायचं."

सुनेचा हात थांबला.

"आईंना कुठे यायचं, बाबा," ती खाली बघत म्हणाली. "लाइट गेली की मलाच हाक मारायच्या. म्हणायच्या, हे चारचौघांत माझं एवढं कौतुक करतात, यांना सांगू नकोस."