सातनंतरचा फोन

सात वाजले. देवळावरचा भोंगा वाजला आणि आळीतले टीव्ही एकामागोमाग बंद झाले. गुऱ्हाळाचा गोडसर धूर घरांवर उतरून आला होता. त्या धुरात ओट्याओट्यावरून पोरांचं वाचणं सुरू झालं. आता साडेआठपर्यंत गावात ना टीव्ही, ना फोन. पोरांच्या अभ्यासासाठी ग्रामसभेचा तसा ठरावच होता.

मनुबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, फोन पदराखाली झाकून. ठरावाला पहिला हात त्यांनीच वर केला होता. पण गेल्या आठवड्यात वीरधवलची पलटण पार पूर्वेच्या टोकाला डोंगरात गेली, आणि तिथं लेकाची फोनची पाळी आली ती नेमकी सातनंतरची. सहा दिवस फोन वाजला. सहा दिवस मनुबाईंनी तो मांडीवर वाजू दिला. वाजायचा थांबला की त्याच्यावरून नुसता हात फिरवायच्या.

"काकू, मी पंचायतीत बोलतो," नानासो म्हणाले. भोंगा झाला की आळीआळीनं फेरी मारायचं काम त्यांच्याकडं होतं. "फौजीच्या आईला सूट द्यायला कुणाची ना न्हाई."

"आज मला द्याल. उद्या कुणाची लेक पुण्यास्नं फोन करंल. तिची आई काय दगडाची हाय व्हय? पोरं लय दिसांनी वाचाय लागल्यात. ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात पदराखाली फोन वाजला. आळीतलं वाचणं थांबलं.

शेजारच्या ओट्यावरून आठवीतली शिवांजली उठली. पुस्तक काखेत मारून आली आणि तिनं हात पुढं केला.

"आज्जी, द्या हिकडं."

"अगं, ठराव हाय..."

"अभ्यासच करायचाय." तिनं फोन घेतला, स्पीकर लावला. "वीरूकाका, मी शिवांजली. तुमच्याकडं दिवस कवा मावळला?"

आधी तिकडचा वाराच ऐकू आला. मग त्या वाऱ्यातून आवाज.

"सव्वापाचला. आता मिट्ट काळोख हाय. का गं?"

"भूगोलाचा धडा हाय. पूर्वेकडं सूर्य आधी मावळतो म्हणत्यात. खरं का ते बघायचं हुतं."

वह्या घेऊन पोरं गोळा झाली. एकेक विचारत गेलं. वीरधवल सांगत गेला. ढग पायाखाली असतात. भात शिजायला फार वेळ लागतो. गावात अजून अंधार असतो, तेव्हा तिकडं ऊन अंगावर येतं. पोरं लिहीत होती. मनुबाईंनी डोळे मिटले. लेक कुठं लांब नव्हताच. धुरातच उभा राहून बोलत होता, हात लांबवला तर लागला असता. पण त्यांनी हात लांबवला नाही.

नानासोंनी पोरांच्या वह्यांकडं बघितलं. "अभ्यास चाललाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुढच्या आळीला वळले.

"काका, आता आज्जींचा प्रश्न." शिवांजलीनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

मनुबाईंनी डोळे उघडले. सगळी पोरं त्यांच्याकडं बघत होती.

"जेवलास का रं?"

"व्हय आये. जेवलो."

पायरीवर पालथी पडून चौथीतली क्रांती वहीत लिहीत होती. प्रश्न सहावा : जेवलास का? उत्तर : होय. तिथं तिची पेन्सिल थांबली. तिनं मान वर केली.

"आज्जी, आमच्या बाई एका शब्दाचं उत्तर चालवत न्हाईत. सविस्तर इचारा."