बिराजदार सरांचा पंजा

औशाच्या मैदानावर खो-खोचे प्रशिक्षक बिराजदार सर यांचं स्मारक झालं, तेही नुसत्या उघड्या पंजाचं. पितळी, पुरुषभर उंचीचं. सरांची जुनी खेळाडू उज्वला त्याच्याकडं पाठ करून बसली. मैत्रीण अयोध्या समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढू लागली.

पाठीवर थाप पडली. "खो!"

ऑपरेशन झालेला गुडघा विसरून उज्वला सुटली, ती थेट पलीकडच्या खांबाला जाऊन थांबली.

"थाप कुणी मारली गं?" तिनं धापा टाकत विचारलं.

मागोमाग आलेली अयोध्या मोबाइलकडंच बघत होती. "तू पळालीस, म्या बघितलं की. मग हे काय हाय?"

व्हिडिओत 'खो' ऐकू आला. पण उज्वला हललीच नव्हती. शेवटपर्यंत पंजापुढं बसूनच होती.

तिकडं वळून बघायची हिंमत दोघींनाही होईना.