उजव्या हाताची नखं

अठ्ठ्याहत्तर साली वरठीच्या सभागृहात देशोदेशीच्या गिटारवादकांचा कार्यक्रम रंगला होता. स्पेनच्या वादकाने मध्येच पंजा दिव्यासमोर धरला. निवेदक म्हणाले, "हे नखांनी तारा छेडतात, म्हणून फक्त उजव्या हाताचीच नखं वाढवतात." सासूशेजारी बसलेल्या विमलने उजवा हात पदराखाली लपवला. माहेरी मामाकडे ती गिटार शिकली होती, पण सासरी 'मातामाय देवीचा नवस आहे' असं सांगून तिने नखं राखली होती. ती मोडू नयेत म्हणून वर्षभर भांडी सासूच घासत आली होती. सासूने पदराखालून तिचा हात ओढला आणि एकेक नख दाबून पाहिलं. "मातामायले खोटं चालत नाही," सासू पुटपुटली. "येत्या मंगळवारी तिच्यापुढं गिटार वाजवजो, मंग नवस खरा होईन. तवरिक भांडे मीच घासतो."