टॉवेलवाल्याचं काम

दर शुक्रवारी केसरीनाथ एकटाच पहिला शो बघून यायचा आणि खांद्यावरच्या लाल टॉवेलने घाम पुसत उंबऱ्यातच निकाल द्यायचा. गेल्या शुक्रवारी तर तो कपाळाला हात लावूनच बसला. “टुकार! इंटरवलनंतर स्टोरी धामणकर नाक्यावरच्या टेम्पोसारखी अडकली, ती हललीच न्हाय. तू न्हाय आलीस तेच बरं झालं.” आपल्यासाठी नवरा एकटा किती सोसतो, या विचाराने कमळाला भरून यायचं.

आज शेजारची भाविका त्याच पिक्चरची सीडी घेऊन आली. थिएटरात चोरून शूट केलेली, पडद्याखाली प्रेक्षकांची डोकी दिसणारी. गाणं सुरू झालं तसा त्यातला एकजण खुर्चीवर चढला, लाल टॉवेल गरगर फिरवत नाचला आणि मागे वळून ओरडला, “वन्स मोर!”

कमळाने ते गाणं तीनदा लावलं.

संध्याकाळी केसरीनाथला टीव्हीवर ठेवलेली सीडी दिसली. “उगाच डोळे फोडलेस. बोललो होतो ना, बंडल हाय?”

“बंडलच हाय,” कमळा म्हणाली. “पण त्या टॉवेलवाल्याने काय झकास काम केलंय! या शुक्रवारी त्याला बघायला मीपण येनार.”