बुंदीची पहिली सुई

"बुंदीच्या लसीला आज नाही जमणार, मॅडम," सुचिता फोनवर हळू आवाजात म्हणाली. "बाबांचं यायचं मन दिसत नाही."

ओसरीवर नत्थूजी टोपी घालून बसले होते. मांडीवर कुत्र्याचं छोटं पिल्लू झोपलं होतं, बुंदी. ते फाटकाकडे पाहत होते.

पलीकडून सौंसरच्या जनावरांच्या डॉक्टर मीना म्हणाल्या, "मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात. असं घरात कोंडून किती दिवस ठेवता येतं? उद्या आणाच."

सुचिताने फोन ठेवला. "बाबा, काढा टोपी. जिवावर येत असेल तर राहू द्या."

"तू म्हणशील तसं," नत्थूजी म्हणाले.

आई गेल्यापासून मोहगावचं हे घर असंच झालं होतं. बाबा उंबरठ्याबाहेर पडत नव्हते. त्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून सुचिता छिंदवाड्याच्या कॉलेजातली नोकरी सोडून इथेच राहिली. दूध, भाजी शेजारची अर्चना आणून देई. परत बोलवायला कॉलेजातून फोन येत. सुचिता ते वाजू देई. बाबांना सोडून कुठे जायचं?

दुपारी ती आडवी होई. पडद्यातून येणारं ऊन भिंतीवर नारिंगी होऊन पसरे आणि झोपेत आई स्वयंपाकघरात भांडी लावताना ऐकू येई. जाग येईपर्यंत ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलेलं असे. बाबा खिडकीपाशी तसेच बसलेले. कधी त्यांच्या चपला पायरीवर उलटसुलट पडलेल्या दिसत. बुंदीने ओढल्या असतील, असं समजून ती त्या सरळ करून ठेवी.

बुंदी कुठून आली, तेही तिला नीट ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी ती उठली तर बाबांच्या धोतराच्या घोळात पिवळसर काहीतरी हलत होतं. "फाटकातून आत आली," बाबा म्हणाले होते.

त्या संध्याकाळी अर्चना वांगी घेऊन आली ती तोंड उतरवूनच. "आमची दोनही पिल्लं गेली वं ताई. रक्ताची हगवण लागली. सुई लावाची राहून गेली."

सुचिताच्या हातातली वांगी तशीच राहिली. तिने मायक्रोबायॉलॉजी शिकवलं होतं. ही हगवण आणणारा विषाणू मातीत, पायरीवर, माणसाच्या चपलेला महिनोन्महिने जिवंत राहतो, हे ती मुलांना फळ्यावर लिहून देत असे.

"अर्चना, उद्या तू नेशील बुंदीला?"

"नेतो ना."

"नाही," नत्थूजी आतून म्हणाले. "दुसऱ्याच्या हाती नाही देत मी तिले. सुचिता येत असन तं मी बी येतो."

सुचिता वळून पाहतच राहिली. इतक्या महिन्यांत बाबा पहिल्यांदाच बाहेर जायचं म्हणत होते. आता माघार घेतली तर बुंदी जाईल, आणि बाबाही पुन्हा कधी उठायचे नाहीत.

"येते," ती म्हणाली.

सकाळी तिने कपाटातून कॉलेजची साडी काढली, परत ठेवली, परत काढली. दाराशी आल्यावर तिने बाबांचा दंड धरला. "भिऊ नका हं. मी आहे."

"हो," नत्थूजी म्हणाले. "चाल."

फाटकाशी प्रवीणचा ऑटो उभा होता. त्याने मान बाहेर काढली. "वा काकाजी! आज दोघं बी?"

"गाडी चालव. तोंड नको चालवू," नत्थूजी म्हणाले.

"चालवतो ना. बुंदीबाईले खिडकीची सीट द्या, तिचाच मान हाये."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचा बहर फुटला होता. वास इतका दाट होता की सुचिताला वाटलं, आपण अजून दुपारच्या झोपेतच आहोत. गाड्यांवरून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून हलत होता. झाडं येत होती, जात होती. प्रत्येक वळणावर सगळं फार मोठं, फार उजेडाचं वाटत होतं. तिने ऑटोची दांडी घट्ट धरून ठेवली होती. श्वास छातीशी येऊन अडत होता.

"बाबा, मळमळतंय का तुम्हाला?"

नत्थूजींनी तिच्याकडे पाहिलं. "हो. प्रवीण, थांबव जरा."

ती आधी उतरली. बांधाशी उभी राहून तिने दोन-तीन मोठे श्वास घेतले. बाबा ऑटोतच बसून होते, बुंदीच्या पाठीवरून हात फिरवत.

"बरं वाटलं?" ती परत येऊन म्हणाली.

"वाटलं," नत्थूजी म्हणाले.

सौंसरच्या दवाखान्यात एक म्हातारा शेळी घेऊन आला होता. मुलं फाटकातून डोकावत होती. सुचिताने बाबांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, नंबर लावला, बुंदीला कडेवर घेतलं. शेळीवाल्याने पिल्लाचं नाव विचारलं, तर तिने सांगितलं. पुढे दोघं कितीतरी वेळ बोलत राहिले. मधेच तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मग ओशाळून तिने बाबांकडे पाहिलं. बाबा ताठ बसून तिच्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे पाणावले होते.

जिंकलो आपण, तिला वाटलं. बाबा बाहेर पडले.

डॉक्टर मीनांनी बुंदीचे कान पाहिले, दात पाहिले, पोट चाचपलं आणि तिला परत सुचिताच्या हातात दिलं. "छान आहे. घेऊन जा."

"आणि सुई?"

डॉक्टरांनी नत्थूजींकडे पाहिलं.

नत्थूजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बुंदीच्या सुया होऊन गेल्या, पोरी," ते म्हणाले. "तू दुपारची झोपली राहाची, तवा मी आणत होतो तिले. आज तं तुले आणलं."