प्रांजलचा जबाब

"आई लई मारते. मला पप्पाकडंच राहायचंय," सात वर्षांच्या प्रांजलनं लातूरच्या कोर्टात न्यायाधीशबाईंना सांगितलं. पुढच्या तारखेला तिचा ताबा वडिलांना, भागवतला मिळाला. आईला महिन्यातून एकदा भेटायची परवानगी.

बाहेर व्हरांड्यात सुकन्यानं लेकीला जवळ ओढलं. "मी कवा मारलं गं तुला?"

प्रांजल तिच्या कानाशी लागून म्हणाली, "घरी गेल्यावर सांगते."

तेवढ्यात भागवतनं तिचा हात धरला आणि स्टँडकडं नेलं. चाकूरच्या बसमध्ये प्रांजलनं शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवला. कंडक्टरनं बेल मारली, तशी ती रडवेली झाली.



"पप्पा, तुम्ही शिकवलं तसंच बोलले की मी. मग आई आपल्या घरी राहायला येणार होती ना?"