उतरती मात्रा

जगदेवी माझी धाकटी सून. मन खचले तेव्हा तिला सुरू झालेल्या गोळ्या दोन वर्षांनी, १९७६च्या माघात, सोडायचे ठरले. डॉक्टरांनी बजावले, "एकदम बंद करू नका. दर महिन्याला थोडी कमी करा. मळमळेल, झोप उडेल. त्रास वाढला, तर मागच्या मात्रेवर या."

मळमळ झाली आणि शिवकृपेने शमलीही. मात्र प्रत्येक कपातीनंतर दुपारी तिला कुणीतरी नावाने हाक मारी. अर्ध्या गोळीवर ती हाक नवी पेठेच्या कोपऱ्यावरून येई. पाव गोळीवर आमच्या उंबऱ्यापासून.

"जगदेवी, मागच्या मात्रेवर जाऊ या."

"नको मामंजी. इतकं सोसलं, आता लई थोडं राहिलंय की."

शेवटची गोळी संपल्यावर आठव्या दिवशी ज्वारी निवडता निवडता ती शांतपणे म्हणाली, "हाक थांबली, मामंजी. काल सवयीनं तोंडातून 'बंदे' गेलं, तवापासून."

आमच्या घरी हाकेला कन्नडमध्ये अशीच ओ देतात. 'बंदे' म्हणजे 'आले'.

ती ज्वारी निवडतच राहिली. मी समोर बसूनच तिला नावाने हाक मारली.

तिने मान वर केली नाही. ओ गल्लीतून आली, तिच्याच आवाजात.